वरची कडी

ती. अक्का हिला,

धाकट्याचा वाकून नमस्कार (लिहायला वाकलोच होतो, तेव्हा खराखुरा समज). गुडघा कसा आहे? मागच्या वेळी तू "बरा आहे" म्हणालीस, पण ज्या सुरात म्हणालीस त्याच सुरात आपले वडील शेवटच्या आजारात "बरं आहे" म्हणायचे, त्यामुळे मला त्या शब्दाचाच धसका बसलाय. दुसरा एखादा शब्द वापरून कळव. जिना उतरताना कठडा सोडू नकोस. डोळ्यात थेंब घालताना बाटलीवरचं नाव नीट वाच, कानाची बाटलीही हुबेहूब तशीच असते. इकडे आम्ही सगळे ठीक. माझा रक्तदाब ठीक, झोप बेताची. भूक लागते, पण ती खरी आहे का याची खात्री वाटत नाही.

कामाचं काही नाही, सहज लिहितोय. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि दिलंसच तर भिंतीपलीकडे सूनबाई असते. शिवाय हा विषय असा आहे की तोंडाने सांगायला लागलो की समोरचा माणूस हसू तरी लागतो, नाहीतर माझ्या कपाळाला हात लावून पाहतो. पत्रात ती भीती नाही. (तू हसशील, पण मला ऐकू येणार नाही.)

सूनबाईची नोकरी नक्की कसली हे तू दर भेटीत विचारतेस आणि मी दर भेटीत "कॉम्प्युटरचं काहीतरी" म्हणून वेळ मारून नेतो. आता नीट सांगतो. ती खेळाच्या कंपनीत आहे. मैदानावरचा खेळ नव्हे, टीव्हीला जोडून खेळतात तो. तिथे पुष्कळ माणसं बसून एक अख्खं जग तयार करतात. डोंगर करणारे वेगळे, पाणी करणारे वेगळे, एक मुलगा नुसतं गवत करतो (मी भेटलो त्याला, खऱ्या गवतावर तो कधी बसला असेल असं वाटलं नाही). सूनबाईचं काम त्या जगाचे देव करायचं. देव, त्यांची भांडणं, जग कसं झालं, मेलेले कुठे जातात, हे सगळं तिच्याकडे. म्हणजे रोज सकाळी डबा भरून, केस बांधून, छत्री विसरून माझी सून देव करायला ऑफिसात जाते. संध्याकाळी "आज काय केलंस?" म्हणून विचारलं तर "आज एका नदीला शाप दिला, बाबा," म्हणते आणि हात धुवून भाजी चिरायला बसते. चिरंजीव कानात ती यंत्रं घालून बसलेले असतात, त्यांना शापाचंही काही नाही आणि भाजीचंही काही नाही.

खेळाचं नाव मोठं आहे, माझ्या जिभेवर बसत नाही. मी आपला दारांचा खेळ म्हणतो. त्याचे तीन भाग निघालेत, चौथा आणि शेवटचा निघायचाय. आता त्या जगाची गोष्ट ऐक, म्हणजे पुढचं कळेल. आरंभी तिथे नुसतं बाहेर होतं. आत नव्हतंच. मग कोणीतरी (कोणी, ते सूनबाईने मुद्दाम ठरवलेलं नाही, म्हणते, थोडं न सांगता ठेवलं की लोक तेवढंच धरून बसतात) दोन दगड उभे केले, वर एक आडवा ठेवला आणि खालून पलीकडे गेला. पलीकडे तोच वारा, तीच माती, पण आता ते आत होतं. जे जे त्याच्यामागून आत आलं त्याची माणसं, जनावरं, झाडं झाली. जे आलं नाही ते बाहेरचं राहिलं. बाहेरच्यांना रूप नाही, चेहरा नाही. त्यांच्याकडे फक्त आपले आवाज आहेत, कारण आत शिरायच्या घाईत आपण आपल्या हाका बाहेरच विसरून आलो. म्हणून त्या जगात अंधारायला लागलं की बाहेरचे आपल्याच माणसांच्या आवाजात हाका मारतात. आईच्या, मुलाच्या, मेलेल्याच्या. त्याला ओ द्यायची नाही. मी विचारलं, अगं, मग खरंच आपलं माणूस बाहेर राहिलेलं असलं तर ओळखायचं कसं? तर सुरी तशीच हातात धरून ती म्हणाली, "सोपं आहे, बाबा. बाहेरच्यांना हाक मारता येते, दार वाजवता येत नाही. दार वाजवायला हाड लागतं." आणि पुढची मिरची घेतली. मी त्या दिवशी जेवलो नाही. (मिरची जास्त झाली होती असं सांगितलं.)

पुढे आहे ते तर तुझ्या-माझ्या घरचंच आहे. त्या जगात रोज दिवेलागणीला दोन देव फेरी काढतात. पुढे थोरली बहीण, तिचं नाव मोजणारी. ती प्रत्येक उंबऱ्यावरच्या चपला-जोडे मोजत जाते. मागून धाकटा भाऊ, त्याचं नाव कडीवाला. तो विचारतो, "सगळे आले का?" ती "सगळे आले" म्हणाली की त्याने जगाच्या दाराची खालची कडी लावायची, मग वरची. पण तीन भाग झाले तरी ती "सगळे आले" म्हणतच नाही, नुसतं "लाव आता" म्हणते, म्हणून तो बिचारा खालची लावून वरची तशीच ठेवतो, आणि त्या फटीतून बाहेरचे आत शिरतात. म्हणजे अक्का, तीन भागांत लाखो माणसं तलवारी घेऊन धडाधड मरतायत ती केवळ एक वरची कडी लावायची राहिली म्हणून! मी सूनबाईला म्हटलं, हे तू कुठून काढलंस? ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत ना, बाबा."

सांगितलं होतं, ते खरं. तुला आठवण करून द्यायला नको, पण लिहायच्या भरात लिहितो. आपल्याकडे दिवे लागले की तू दारातले जोडे मोजून "सगळे आले" म्हणायचीस, मग मी स्टुलावर चढून वरची कडी लावायचो, आणि त्यानंतर वडिलांनासुद्धा बाहेर जायचं तर तुझी परवानगी लागायची. एवढंच मी तिला सांगितलं. मधल्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आपला मधला कामासाठी म्हणून दूर गेला, आधी पत्रं आली, मग लांबली, मग आलीच नाहीत, आणि तेव्हापासून तू "सगळे आले" म्हणायचं सोडून "लाव आता" म्हणायला लागलीस, हे मी कोणालाच कधी सांगितलेलं नाही. तुझ्याशीही बोललो नाही. तू "लाव आता" म्हणायचीस, मी खालची लावायचो, वरचीला हात लावायचो नाही, आणि दोघं आत जाऊन जेवायचो. मग हे "लाव आता" सूनबाईला कोणी सांगितलं? विचारलं तर म्हणते, "सुचलं." (इथे चिरंजीवांच्या घराला आपोआप लागणारं कुलूप आहे. मी हट्टाने वर एक कडी बसवून घेतली आणि ती कधीच लावत नाही. चिरंजीव म्हणतात, बाबा, न लावायला कोणी कडी बसवतं का? तू तुझ्याकडे वरची लावतेस का, मी विचारलेलं नाही. लावत असलीस तर सांगू नकोस.)

तर माझी सवय तुला माहीत आहे. दिवेलागणीला गॅस बघतो, नळ बघतो, दाराशी जोडे बघतो आणि "सगळे आले का?" म्हणून घरात आवाज टाकतो. कोणी उत्तर देत नाही, पण टाकतो. सूनबाईने हे एकदा फोनमध्ये टिपून घेतलं आणि ऑफिसात ऐकवलं. झालं, मला बोलावणं आलं. बिनखिडकीच्या, भिंतींना गाद्या लावलेल्या एका खोलीत उभं केलं आणि तेच वाक्य म्हणायला लावलं. चिडून म्हणा, थकून म्हणा, पावसात म्हणा. (पाऊस नव्हता. मी आपला खांदे आवळून म्हटलं.) मग हाताला हालचाल टिपणारी बटणं चिकटवून, अक्का कशी मोजायची ते दाखवा म्हणाले, अंगठा बोटाबोटावर ठेवत तू मोजायचीस तसं दाखवलं. शेवटी पाय उघडे करायला लावले आणि पायांचे चारी बाजूंनी फोटो काढले. जन्मभर बुटांच्या दुकानात लोकांच्या पायाशी बसलो, माझ्या पायाशी कोणी बसलं ते हे पहिल्यांदाच. बरं वाटलं. मोजे मात्र तिथेच विसरून आलो, ते अजून मिळाले नाहीत.

माझ्या आवाजाचा भाग बाहेर पडला आणि माझे हाल सुरू झाले. एकदा एका इमारतीत लिफ्टमध्ये शिरलो. मागून आणखी माणसं शिरली. मी बटणाजवळ होतो, म्हणून सभ्यपणाने विचारलं, "सगळे आले का?" एक धडधाकट तरुण किंचाळला, दारात पाय घालून बाहेर पडला आणि जिन्याने पळाला. वरपर्यंत पळाला; मी पोचलो तेव्हा तो धापा टाकत उभा होता, मला पाहून पुन्हा खाली गेला. नंतर सूनबाईने उलगडा केला. खेळात माझा आवाज ऐकू आला आणि तुम्ही घराबाहेर असलात की फार थोडा वेळ उरतो म्हणे. पोरं रात्र रात्र तो आवाज ऐकून धावलेली असतात. औषधाच्या दुकानात तसंच झालं. माझ्या गोळ्या काउंटरवर पसरून "सगळ्या आल्या का?" विचारलं तर विकणाऱ्या मुलीने बरणी सोडली, आणि मग लाजून म्हणाली, "काका, तो आवाज तुमचा? प्लीज, एकदा माझ्या भावासाठी फोनमध्ये म्हणा ना!" म्हटलं. भाऊ नेमका कुठे असतो ते विचारायचं राहून गेलं, आणि घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं.

या खेळाचा नुसता अभ्यास करणारी माणसं आहेत, अक्का. मोठी, शिकलेली, नोकरीधंदा असलेली. त्यांनी मोजणारीचा हात थांबवून थांबवून पाहिला आणि शोधून काढलं की ती मोजताना मधलं बोट ओलांडून जाते. अंगठा पहिल्या बोटावर, मग एकदम तिसऱ्यावर. त्यावरून त्यांनी ठरवलं की देव दोन नाहीत, तीन आहेत. एक मधला देव आहे आणि तो बाहेर राहिलाय. सूनबाई मला हे हसत हसत सांगत होती. मी उठून न्हाणीघरात गेलो, आरशासमोर उभा राहिलो आणि मोजून पाहिलं. खरंच. मी मधलं बोट ओलांडतो. कधीपासून, मला माहीत नाही. तूही तशीच मोजतेस का ते जरा बघ. कोणी जवळ नसताना बघ.

मग मी खेळायला लागलो. आपल्या आवाजाचा जगात काय गैरवापर होतोय ते बघावं, एवढाच हेतू. सूनबाईने ती दोन्ही हातांत धरायची वस्तू दिली, बटणं शिकवली. प्रत्येकाने खेळातल्या पहिल्या गावातून निघायचं असतं, राक्षस मारायचे, डोंगर ओलांडायचे. मी गावातून निघालोच नाही. निघणार कसा? सगळ्या घरांची दारं सताड उघडी! लोक जग वाचवायला निघतात आणि मागे दार लावत नाहीत. मी एकेक दार लावत फिरायला लागलो. गाव मोठं आहे, शेवटचं दार लावेपर्यंत पहिलं कोणीतरी उघडून ठेवलेलं असतं. महिना झाला असेल, मला अजून तलवार मिळालेली नाही. सूनबाई म्हणते, इतका वेळ त्या गावात थांबलेला माणूस सगळ्या खेळात दुसरा नाही. गावातले लोक खोटे आहेत, ठरलेली वाक्यं बोलणारे, हे मला कळतं. पण अलीकडे मी गल्लीत वळलो की ते बोलायचे थांबतात आणि आपापल्या दारात उभे राहतात. सूनबाईला दाखवलं तर ती टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "हे कोणी लिहिलं?" मग स्वतःच म्हणाली, "कोणीतरी लिहिलं असेल."

त्या गावाच्या टोकाला एक घर आहे. दोन कड्यांचं दार असलेलं ते एकच. दिवेलागणीला मी तिथे आत जाऊन बसतो, कारण तिथून रस्ता दिसतो. या खेळात खरी माणसंही येतात, आपापल्या घरी बसून खेळणारी, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव लिहिलेलं असतं. (नावं काय एकेक! एकाचं नाव नुसतंच "वांगं".) त्यांतला एक रोज त्याच वेळेला येतो. त्याच्या डोक्यावर नावाच्या जागी एक रेघ आहे. आणि तो अनवाणी आहे. तिथे पाऊल ठेवल्याबरोबर सगळे आधी जोडे मिळवतात, नाहीतर काट्यांनी माणूस मरतो. हा नाही. माझं लक्ष सवयीने आधी पायांकडे जातं, तर अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब. आपल्याकडे वडिलांचं होतं, तुझं आहे, माझं आहे. मधल्याचं तर इतकं होतं की त्याच्या चपला तिथेच फाटायच्या. सूनबाईला हाक मारली. ती हसली, "बाबा, ते तुमचेच पाय आहेत! फोटो काढले होते ना? जोडे न घालणाऱ्या सगळ्यांना आम्ही तेच पाय दिलेत." म्हणजे त्या जगात जो जो अनवाणी येतो तो माझ्या पायांनी येतो. यात मला धीर वाटावा अशी तिची अपेक्षा होती.

तो अंगणात उभा राहायचा. बोलायचा नाही, उंबरा ओलांडायचा नाही. मग एके दिवशी मी उठून दार लावलं. खालची कडी. वरची नाही, सवयीने. आणि दार वाजलं. अक्का, आता मी जे लिहितो ते वाचताना बस. दोनदा बोटाच्या पेराने, टक टक. मग थोडं थांबून तळहाताने एक थप, जणू दाराला शाबासकी देतोय. हे असं दार आयुष्यात एकच माणूस वाजवायचा, आणि ते ओळखणारी आता आपण दोघंच आहोत. माझ्या हातून ती वस्तू खाली पडली, तिचं एक बटण तेव्हापासून अडकतं.

सूनबाईला मी एवढंच सांगितलं की कोणीतरी दार वाजवतंय. मला वाटलं, ती म्हणेल टवाळखोर पोरं असतील. ती म्हणाली, "बाबा, या खेळात दार वाजवायची सोयच नाही. तसं बटणच नाही. दार उघडता येतं, फोडता येतं, वाजवता येत नाही." दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसातल्या आवाजवाल्याला घरी आणलं. तो फार हुशार माणूस, जगातला प्रत्येक आवाज त्याच्याकडे डब्यात भरून ठेवलेला आहे. त्याने तासभर त्या दाराशी कान लावला. काही वाजलं नाही. वाजणार कसं? दुपारची वेळ होती. मग त्याने निदान केलं की वरच्या मजल्यावर कोणी खिळे ठोकत असेल. वरच्या मजल्यावर एकटी राहणारी बाई आहे, तिच्याकडे हातोडीसुद्धा नसेल. मी चौकशी करायला गेलो होतो. "ताई, तुम्ही दिवेलागणीला काही ठोकता का?" विचारलं, तर तिने माझा आवाज ऐकून दार लावूनच घेतलं. तीही खेळत असावी.

आता मुद्द्याचं. चौथ्या भागात मोजणारी देवी मरते. (तू मनाला लावून घेऊ नकोस, गोष्टीची गरज आहे म्हणे. मी दोन दिवस सूनबाईशी बोललो नव्हतो.) तेव्हा शेवटी ते वाक्य कडीवाल्यालाच म्हणावं लागतं. "सगळे आले." मग तो वरची कडी लावतो आणि जगाचं दार कायमचं बंद. आतले सुखी, बाहेरचे बाहेर. ते वाक्य माझ्या आवाजात हवंय, येत्या शुक्रवारी. सूनबाईचं वर्षभराचं काम त्या दोन शब्दांपाशी येऊन थांबलंय. मी टाळतोय हे पाहून आवाजवाल्याने युक्ती काढली की जुनं "सगळे आले का?" आहेच, त्यातला "का" तेवढा कापून टाकू. कापला. मला ऐकवलं. अक्का, "का" कापला तरी तो प्रश्नच राहिला. आवाजवाला पुन्हा पुन्हा ऐकत होता आणि दर वेळी सूनबाईकडे बघत होता. तिने म्हटलं, "राहू दे. बाबाच म्हणतील."

सून चांगली आहे ग. माझ्या चष्म्याची काच तीच पुसते, मला न विचारता. तिचं काम अडलेलं मला बघवत नाही. पण दिवेलागणीला तो अंगणात उभा असतो, आणि मी ते दोन शब्द म्हणायचे म्हणजे कोणाला बाहेर ठेवून म्हणायचे हे मला माहीत आहे. खेळ आहे, टीव्ही आहे, सगळं खोटं आहे, हे मी स्वतःला रोज सांगतो. सांगून झालं की दार वाजतं.

बाकी विशेष काही नाही. हवा बदलतेय, कानाला काहीतरी बांधत जा. तुझ्याकडे जे वडीलधारे असतील (म्हणजे तूच) त्यांना नमस्कार, आणि जे लहान असतील त्यांना माझ्या वतीने एकेक धपाटा, हलकाच.

तुझा,
धाकटा

ता. क. कामाचं काही नाही म्हणालो, पण एक होतं. मी सूनबाईला घसा बसलाय असं सांगितलंय. बसलेला नाही. ती काळजीने तुला फोन करील, तेव्हा आपल्या घराण्यात घसे बसतात आणि महिने महिने उठत नाहीत, असं सांग. आणि खरं काम हे की "सगळे आले" म्हणायचा हक्क आपल्या घरी तुझा आहे, माझा नाही. मी फक्त कडी लावणारा. तेव्हा तूच काय ते सांग. तू "आले" म्हणालीस तर शुक्रवारी जाऊन म्हणून येतो, वरची लावतो आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. "नाही" म्हणालीस तर घसा बसलेला राहील. बाकी काही लिहू नकोस, एक शब्द पुरे. (गुडघ्याचं लिही.)

ता. क. आणखी एक. तुझ्या नातीने तुझ्या टीव्हीला हा खेळ जोडून दिलाय असं कानावर आलं. रेघेचा तो माणूस तू तर नव्हेस? दार वाजवायचं बटण नाही हे मला ठाऊक आहे, पण तू काहीही वाजवू शकतेस, तुला मी लहानपणापासून ओळखतो. तू असलीस तर मी रागावणार नाही. पण तू असलीस तर सांगूही नकोस.

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर उघडून हे लिहितोय. काल दिवेलागणीला तुझा फोन आला तेव्हा मी त्याच घरात, त्याच दाराशी बसलो होतो. तू वैद्यांनी दिलेल्या तेलाच्या वासाबद्दल सांगत होतीस आणि दार वाजलं. टक टक, मग थप. मी काही बोललो नाही. तूच बोलता बोलता थांबलीस आणि म्हणालीस, "थांब रे, दारात कोणीतरी आलंय." अगं, ते इकडे वाजलं, टीव्हीत, असं मी म्हणणार तोवर तू फोन टेबलावर ठेवून गेलीसही, त्या गुडघ्याने इतक्या लवकर कशी गेलीस ते मला अजून कळलेलं नाही. मी ऐकत राहिलो. तुझ्याकडची खालची कडी निघाली. मग स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग वरची निघाली. (म्हणजे तू लावत होतीस. मला संशय होताच.) मग बराच वेळ नुसता तुझ्या घरासमोरचा रस्ता ऐकू येत होता. मग तू परत आलीस, "कोणी नाही, वारा असेल," म्हणालीस आणि तेलाचं पुढे सांगायला लागलीस. मी हं हं करत राहिलो. वारा टक टक करील एखादवेळी, पण थांबून थप करत नाही, अक्का, आणि हे तुलाही माहीत आहे. फोन संपेपर्यंत मी कान देऊन होतो. वरची कडी परत लावल्याचा आवाज आला नाही.

तेव्हा पहिल्या ता. क. चं उत्तर पाठवायची तसदी घेऊ नकोस, पोचलं. घशाचं मात्र ठरल्याप्रमाणे सांग. आणि कृपा करून स्टुलावर पुन्हा चढू नकोस. आहे तशी राहू दे.